चौथी पट्टी

मोजपट्टी हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळून बघेल याची आता कोणालाच खात्री नव्हती, इतकं ते त्याला चिकटलं होतं. संशोधन केंद्राच्या मक्याच्या शेतांतून अकरा वर्षं टेप घेऊन फिरलेला माणूस तो. दोन ताटांमधलं अंतर, कणसाची लांबी, कणसावरच्या दाण्यांच्या ओळी, सगळं मोजायचं आणि वहीत उतरवायचं. सवय अशी हाडीमाशी मुरली होती, की थोरल्या भावाने नवी खाट करून आणली तेव्हा याने आधी तिला टेप लावला. म्हणाला, "दादा, एका अंगाला अर्धा इंच कमी आहे." दादा म्हणाला, "मग तू त्या अंगाला झोपू नकोस." विषय संपला.

पन्नाशी उलटलेला बिनलग्नाचा गडी. भावाच्या घरातली पुढची खोली त्याची. तिथे एक खिडकी, ती अर्धा इंच कमी असलेली खाट, आणि पत्र्याची एक पेटी. पेटीत अकरा वर्षांच्या वह्या, प्रत्येकीला प्लॅस्टिकचं कव्हर. वहिनी म्हणायची, "भाऊजी, उद्या घराला आग लागली तर तुम्ही आधी वह्या बाहेर काढाल आणि मग आम्हाला." तो म्हणायचा, "छे, आधी तुम्हाला. वह्यांना कव्हर आहे." वहिनी हसायची आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची. दादाचे गुडघे गेले तेव्हापासून तो अंगणात बसून कुदळी-फावड्यांना दांडे बसवायचा. शेत सगळं वहिनीच्या अंगावर होतं, आणि तिनेही ते कधी खाली ठेवलं नाही.

आता हे मोजमाप कशासाठी चाललं होतं, ते सांगायला हवं. त्या उतारावर चाळीस घरं. जमीन प्रत्येकाची एक-दीड एकर, आणि पीक सगळ्यांचं एकच, मका. मका पेरायचा, काढायचा, ताटं जनावरांपुढे टाकायची, उरलेली जाळायची, नांगर फिरवायचा आणि पुन्हा मका. वर्षानुवर्षं माती धुपून ओढ्याला जात होती आणि कणसं आखूड होत होती. केंद्राचं म्हणणं असं, की मक्याला कडधान्याची सोबत द्या. तूर, चवळी, घेवडा यांच्या मुळांवर गाठी येतात, त्यातून जमिनीला बळ मिळतं, पाला गळतो तो मातीत जिरतो, आणि तेवढ्याच जमिनीत दोन पिकं निघतात. म्हणणं चांगलं होतं. पण नुसत्या म्हणण्यावर केंद्रालाही वरून काही मिळत नव्हतं. आधी सिद्ध करा, मग मागा.

म्हणून सहा शेतं निवडली, आणि प्रत्येक शेतात चार पट्ट्या आखल्या. पहिलीत मका आणि तूर. दुसरीत मका आणि चवळी. तिसरीत एक वर्ष मका, एक वर्ष घेवडा. या तिघींत नांगर घालायचा नाही, हातातल्या टोकणयंत्राने बी टोकायचं, आणि ताटं, पाला सगळं जागच्या जागी पसरून ठेवायचं. चौथी पट्टी तेवढी जुन्या रीतीची. नुसता मका, नांगरट, ताटं उचलून न्यायची. खताची मूठ चौघींना सारखी, पण त्यापलीकडे चौथीला बाहेरचं काही म्हणजे काही घालायचं नाही.

अकरा वर्षांनी फरक दिसला, तर केंद्र चाळीसही घरांना कडधान्याचं बियाणं आणि टोकणयंत्रं देणार होतं. शिवाय नव्या रीतीने पहिली दोन वर्षं मका जरा कमी उतरतो, ती तूट धान्य देऊन भरणार होतं. खरं अडलं होतं ते त्या तुटीवर. चांगलं काय हे लोकांना कळत नव्हतं असं नाही, पण दोन वर्षं पोरांच्या तोंडचा घास कमी करून कोण नवं करून बघणार? त्यामुळे अख्खा उतार निकालाची वाट बघत होता. कुंपणापलीकडच्या शेतातली एक बाई होती, तिला सगळे पलीकडचीच म्हणत. ती दर हंगामाला विचारायची, "काय रे मोजपट्टी, झालं का मोजून? माझ्या पोरींची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली, तुझं मोजणं काही सरेना."

"होत आलं," मोजपट्टी म्हणायचा. "निकाल लागू दे, पहिली बियाण्याची पिशवी तुझ्या दारात."

ही आपली बोलायची पद्धत झाली, पण त्याच्या मनात ते खरंच होतं. त्या पिशव्या चाळीस दारांत पोचवायच्या, एवढ्यासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल. बायको नाही, पोर नाही, स्वतःच्या नावावर वीतभर जमीन नाही. जे काही आहे ते त्या वह्यांत.

सहा शेतांपैकी एक वहिनीचं. पहिली तीन वर्षं सगळं ठरल्यासारखं झालं. तिन्ही सोबतीच्या पट्ट्या हळूहळू सावरल्या आणि चौथी खंगत गेली. तिसऱ्या वर्षी तर चौथीतली कणसं हातात धरली की बोटांत मावायची. मोजपट्टी खूश. त्याने वहीत आकड्यांखाली दोन रेघा ओढल्या.

चौथ्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं. वहिनीच्या शेतात फरक कमी व्हायला लागला. तिन्ही पट्ट्या वाढत होत्या तशी चौथीही वाढत होती. पाचव्या वर्षी आणखी, सहाव्या वर्षी आणखी. मोजपट्टीने आधी ताणकाट्यावर संशय घेतला. केंद्रातून दुसरा काटा आणला, त्यानेही तेच वजन दाखवलं. मग त्याला वाटलं आपणच बियाण्याची अदलाबदल केली असेल. मग वाटलं वरच्या शेतातलं खत वाहून येत असेल, म्हणून त्याने वरच्या अंगाला चर खणला. एकदा चौथी पट्टी उकरली तर मातीत गांडुळं वळवळताना दिसली. तो मनाशी म्हणाला, गांडुळं काय कुंपण पाळतात होय, शेजारून आली असतील. केंद्रात मातीचा रंग गडद दिसला तर तिथल्या लोकांना वाटलं पुड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. पुन्हा माती मागवली, पुन्हा तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशातली गत. घरातच विचारायचं त्याला सुचलं नाही. सगळ्यात कमी तो जायचा ते घरच्याच शेतात. तिथे वहिनी आहे, तिथे काय बघायचं? पेरणीला, विसाव्या दिवशी, तुऱ्याला आणि काढणीला, असे ठरलेले चार वार तो जायचा. एरवी तो केंद्राच्या इतर कामांसाठी दुसऱ्या गावांतली शेतं मोजत असायचा आणि संध्याकाळी घरी येऊन, हात धुऊन, वहीतला शेवटचा रकाना भरायचा. त्या रकान्यात लिहायचं असे, 'चौथी पट्टी, बाहेरून काही घातलं नाही.' खाली सही.

या अकरा वर्षांत सहा शेतांची दोन झाली. एक विकलं गेलं, एकावर घर उठलं, एकाला ओढ्याने खाल्लं आणि एकाचा मालक कंटाळून म्हणाला, "तुमच्या दोऱ्या आणि खुंट्या घेऊन जा, माझी जनावरं अडखळतात." उरलं ते खालच्या अंगाला शाळामास्तरांचं शेत आणि वहिनीचं. मास्तरांच्या शेतात चौथी पट्टी निम्म्यावर आली होती. वहिनीच्या शेतात चारही सारख्या.

शेवटची काढणी झाल्यावर, आकड्यांचा हिशेब बघणाऱ्या मॅडमनी त्याला केंद्राच्या वजनखोलीत बोलावलं. मॅडम वयाने त्याच्या पुतणीएवढ्या, पण आकडे त्यांच्या हातात. वजनखोलीत पोत्यांचा कोरडा वास, भिंतीला लावलेले काटे, आणि एका पायाखाली वीट दिलेलं टेबल. टेबलावर त्यांनी कागद पसरले.

"काका, दोन शेतं, आणि दोन्ही दोन दिशांना तोंड करून बसलीत," त्या म्हणाल्या. "एकत्र केलं की फरक सिद्ध होत नाही. तुम्हाला काही अंदाज आहे? घरचं शेत आहे तुमचं."

"मी पण तेच शोधतोय, मॅडम. सात-आठ वर्षं तेच शोधतोय."

"पुढच्या आठवड्यात केंद्राचे साहेब निकाल सांगायला गावात येणार आहेत. तोपर्यंत मातीचे शेवटचे नमुने तेवढे आणा. परवा आणाल?"

परवा केंद्राची गाडी दुसरीकडे जाणार होती, म्हणून मोजपट्टी दुसऱ्याच दिवशी सकाळी माती काढायची नळी घेऊन वहिनीच्या शेतात गेला. ठरलेला वार नव्हता. उन्हं नुकतीच वर आली होती. बघतो तर चौथ्या पट्टीच्या मधोमध वहिनी. डोक्यावरची पाटी उतरवून ती तुरीचा वाळलेला पाला पसरत होती आणि पायाने सारखा करत होती. शेजारी आणखी एक पाटी, तिच्यात शेंगांची टरफलं आणि शेळ्यांच्या लेंड्या.

"वहिनी, हे काय?"

"अगंबाई! आज तुमचा वार आहे का?"

"वार राहू द्या. हे काय चाललंय?"

"पाला आहे. दिसत नाही का तुम्हाला? चष्मा लावा."

"दिसतोय. इथे कशाला?"

वहिनीने कमरेवर हात ठेवले. चोरी पकडली गेल्यासारखी ती जरा हसली, पण ओशाळली नाही. "अहो, मला हिच्याकडे बघवत नाही हो. तिकडे तिघी खाऊनपिऊन टुकटुकीत, आणि ही एकटी कडेला हाडं वर आलेली. एका आईची चार लेकरं, तिघांना पोटभर वाढायचं आणि चौथ्याच्या ताटात नुसतं पाणी? मला नाही जमलं. मी आपली काढणी झाली की चार पाट्या टाकते, नांगर फिरला की सगळं मातीत जातं."

"कधीपासून?"

"ती बोटाएवढी कणसं आली होती ना, त्यानंतर. चौथं वर्ष असेल. पावसाच्या आधी थोडी चवळीही टोकते कधीमधी, आणि फुलावर यायच्या आत उपटून तिथेच गाडते. तुमच्या मोजण्यात घोळ नको म्हणून. तुमच्या खुंट्यांना आणि दोऱ्यांना मी हात लावला नाही बरं का, एवढं लक्षात ठेवा." मग तिने चारही पट्ट्यांवरून नजर फिरवली, आणि तिचा चेहरा अभिमानाने फुलला. "बघा की आता. कोणी म्हणेल का ही जुन्या रीतीची आहे म्हणून? साहेब येतील ते खूश होऊन जातील."

मोजपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. आठ वर्षं या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि तीही काही लपवायचं म्हणून नव्हे, तर सांगण्यासारखं त्यात काय आहे, म्हणून. तो फक्त एवढंच म्हणाला, "हे कोणाला सांगू नका."

"का?"

"सांगू नका म्हटलं ना!"

तीस वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. वहिनीने रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या आणि ती घराकडे गेली. त्याने नमुने काढले, पुड्या बांधल्या, चिठ्ठ्या लावल्या. हात आपोआप चालत होते.

पुढचे सात दिवस त्याचे कसे गेले ते त्यालाच ठाऊक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था. खरं सांगावं, तर वहिनीचं शेत बाद होईल, एकट्या मास्तरांच्या शेतावर कोणी निकाल देणार नाही, आणि गाव वहिनीला बोल लावेल. शिवाय प्रत्येक पानावर आपली सही. गप्प बसावं, तर कागदावर कायमचं लिहिलं जाईल की कडधान्याने काही होत नाही. म्हणजे धडधडीत खोटं, आणि तेही आपल्याच अक्षरात. दोनदा तो केंद्राच्या दारापर्यंत गेला. एकदा मॅडम फोनवर बोलत होत्या म्हणून परत आला. दुसऱ्यांदा त्या मोकळ्याच होत्या, तरी परत आला. घरी दादाने एकदा विचारलं, "काय रे, जेवत का नाहीस?" तो म्हणाला, "पोट बरं नाही." वहिनीने त्याच्यासाठी वेगळं, मऊ असं काही शिजवून ठेवलं. तेही त्याने तसंच ठेवलं.

निकालाच्या दिवशी धान्याच्या गोदामात सतरंज्या अंथरल्या. चाळीस घरांतली माणसं आली, बायका जास्त. पलीकडची सगळ्यांत पुढे बसली होती आणि तिने येताना रिकामी पिशवी आणली होती, बियाणं आजच वाटतील की काय म्हणून. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना पाणी मिळालं का विचारलं, मग कागद बघून सोप्या भाषेत सांगितलं. सहा शेतं होती, दोन राहिली. त्यातल्या एकात फरक दिसतो, एकात दिसत नाही. दोन्ही मिळून नवी रीत जुनीपेक्षा चांगली आहे असं सिद्ध होत नाही. म्हणून केंद्र सध्या ही रीत पुढे नेणार नाही.

"म्हणजे बियाणं नाही?" पलीकडचीने विचारलं.

"नाही, बाई. तुम्ही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने मका लावा."

"आणि ती दोन वर्षांची तूट देणार होते ती?"

"योजनाच नाही, तर तूट कशी देणार?"

गोदामात कुजबुज सुरू झाली. मोजपट्टी भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात बायकांमधून वहिनी उठली. तिला बोलायची सवय नव्हती, पण शेताबद्दल बोलायला तिला कधी भीती वाटली नाही.

"साहेब, ज्या शेतात फरक दिसत नाही म्हणता, ते आमचं का?"

साहेबाने कागद पाहिला. "हो, तुमचंच."

"मग त्यात तुमचा हिशेब चुकतोय. ती चौथी पट्टी आपोआप नाही सुधारली. तिला मी खायला घातलंय. तुरीचा पाला, टरफलं, चवळी. आठ वर्षं घालतेय. ती खाऊनच अंगाला लागलंय तिच्या. म्हणजे पाल्यात दम आहे, असंच झालं ना?"

कोणीतरी मागे हसलं. मॅडमनी एकदम मान वर केली. साहेबाने समोर मांडलेल्या मोजपट्टीच्या वह्यांची चार-पाच पानं उलटली. "इथे तर दर वर्षी लिहिलंय, बाहेरून काही घातलं नाही. सही कोणाची आहे ही?"

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या.

"माझी," मोजपट्टी म्हणाला.

"मग खरं काय? वही की या बाई?"

खोटं बोलायला एक शब्द पुरे होता. वहिनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "वहिनी म्हणतात ते खरं," मोजपट्टी म्हणाला. " मी कधी विचारलं नाही. न विचारता लिहीत गेलो."

साहेबाने चष्मा काढला, डोळे चोळले. "मग हे शेत बाद."

"सर, मग एकच उरतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"एका शेतावर आपल्याला काही म्हणता येत नाही."

"पण साहेब," मोजपट्टी पुढे आला, आणि त्याचा आवाज चिरकला, "ती पट्टी मेली होती हो! मी मोजलीय ती, बोटाएवढी कणसं. पाल्याने उठून उभी राहिली. याहून मोठा पुरावा कोणता? चला ना, शेत इथून दोन हाकांवर आहे, डोळ्यांनी बघा."

"किती पाला घातला?" साहेबाने वहिनीला विचारलं. चेष्टा नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पाटीने घातला."

"किती पाट्या?"

"लागतील तेवढ्या."

"दर वर्षी सारख्याच?"

"असं कसं? ज्या वर्षी जास्त पाला, त्या वर्षी जास्त."

साहेबाने वही मिटली. तो तरी काय करणार? लोक उठले, चपला शोधायला लागले. पलीकडचीने पिशवीची घडी केली, आणि वहिनीजवळून जाताना थांबली. "तुझ्या मायेने आमचं वाटोळं केलं गं बाई," ती म्हणाली. भांडायचा सूर नव्हता तिचा. वहिनीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोपर्यंत ती बाहेर गेली होती.

गोदामाच्या पायरीवर मॅडम मोजपट्टीजवळ आल्या. "काका, मला पटतंय. पण माझ्या पटण्याला कागदावर जागा नाही."

"पुन्हा केलं तर?"

"पुन्हा म्हणजे नव्याने. किमान दहा-अकरा वर्षं. आणि त्यासाठी वरून कोणी हो म्हणायला हवं." त्यांनी बॅग खांद्याला लावली. गाडी वाट बघत होती. मोजपट्टीने मनातल्या मनात आपल्या वयात अकरा मिळवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. कोणावर चिडावं? साहेब खोटं बोलला नव्हता, मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या, वहिनी तर नाहीच. सगळे खरं बोलले, आणि चाळीस घरांच्या हाती धुपाटणंही आलं नाही.

ते दोघे पायवाटेने घराकडे निघाले. वहिनी पुढे, तो मागे. उतारावरच्या शेतांत लोक आतापासूनच मक्याची ताटं ओढून ढीग लावत होते, जाळायला. शेताच्या कुंपणाशी आल्यावर वहिनी थांबली.

"भाऊजी, एक विचारू? ती चौथी पट्टी मुळात होती कशाला?"

"म्हणजे?"

"उपाशीच ठेवायची होती, तर आखलीच कशाला? मला आपलं वाटायचं, केंद्राचं कडधान्याचं बियाणं कमी पडलं असेल. तीन पट्ट्यांपुरतंच आलं असेल."

मोजपट्टी तिच्याशेजारी येऊन थांबला. मग त्याने सांगितलं. सांगताना त्याला जाणवलं की हे वाक्य आपण तिच्यापाशी आज पहिल्यांदा बोलतोय. "ती खराब व्हायलाच हवी होती, वहिनी. ती किती खराब होते ते मोजलं, तरच बाकीच्या तिघी किती सुधारल्या हे सांगता येतं. चाळीस घरांचं सगळं तिच्यावरच ठरणार होतं."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षीच. केंद्रात दोन दिवस शिकवलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्याने उत्तर शोधलं. ओळीत किती अंतर ठेवायचं ते सांगितलं होतं तिला, बी किती खोल टोकायचं ते सांगितलं होतं, कोणत्या खुंटीला कोणती दोरी ते तर दहादा सांगितलं होतं. करणार तीच होती सगळं. पण कशासाठी, हे सांगावं असं अकरा वर्षांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. एकाच घरात राहून, तिच्या हातचं रोज खाऊन.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

वहिनीने कुंपणाचा खांब धरला होता. तिचे डोळे भरून आले होते.

"एवढंच सांगायचं होतंत, भाऊजी," ती म्हणाली. "ठेवला असता मी मनावर दगड. चाळीस घरांसाठी ठेवला असता."